तिसऱ्या टप्प्याची वंशावळ

त्या कागदावर मी एकही खोटं वाक्य लिहिलं नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढची काही वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत काढली. कुणी एकेक वाक्य सुटं करून तपासलं असतं तर ते खरंच निघालं असतं. सगळी एकाखाली एक ठेवली की त्यातून जे उभं राहायचं ते खोटं होतं, आणि तसं ते उभं राहावं म्हणूनच मी ती त्या क्रमाने ठेवली होती.

गेल्या दशकाची मधली वर्षं. आम्ही ड्युसेलडॉर्फला राहत होतो. एका छोट्या अमेरिकन कंपनीच्या जर्मन शाखेत मी कामाला होतो. शाखा म्हणजे एका दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या तीन खोल्या. अमेरिकन साहेब, हिशेब बघणाऱ्या एक जर्मन बाई, दोन तंत्रज्ञ आणि मी. धंदा पाइपांचा. पाइप कुठे गळतोय हे कान लावून ओळखायचं. कान म्हणजे सेन्सर. जहाजातल्या वाफेच्या पाइपांवर तो बसवायचा आणि गळतीचा बारीक आवाज इंजिनाच्या गोंगाटातून वेगळा काढायचा. अमेरिकन सरकारचा एक कार्यक्रम आहे, छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी पैसा देणारा. त्या धंद्यातले सगळे त्याला एसबीआयआर म्हणतात. आमच्या कंपनीने त्यात इतरांशी स्पर्धा करून पहिला टप्पा मिळवला होता, मग दुसरा. ते काम तिकडे अमेरिकेत झालं, मी लागायच्या आधी.

या कार्यक्रमाला तिसरा टप्पा असतो. त्यात संशोधनाचं अनुदान नसतं, सरळ कंत्राट असतं. ज्या कंपनीने आधीचे टप्पे केले, तिच्याकडून सरकारी खात्याला पुढचं काम निविदा न काढता घेता येतं. स्पर्धा व्हायची ती पहिल्या टप्प्यांतच झाली, असं धरतात. अट एकच. नवं काम जुन्या संशोधनातून उपजलेलं असावं, नाहीतर त्याला पुढे नेणारं, नाहीतर ते पुरं करणारं.

हा नियम मला पहिल्यांदा कळला तेव्हा फार आवडला होता. छोट्याने राबून शोध लावायचा आणि खरेदीच्या वेळी मोठ्याने येऊन काम उचलून न्यायचं, असं होऊ नये म्हणून राखलेलं दार. राखीव दाराने आत आलेल्या माणसाला ते समजावून द्यावं लागत नाही. मी औरंगाबादहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलो तो तशाच दाराने. त्यासाठी वडील मला घेऊन गावी गेले होते, आजोबांच्या शाळेतला उतारा काढायला. हेडमास्तरांनी कपाटातली जुनी वही काढली, वडिलांनी बोट फिरवत आजोबांचं नाव शोधलं, आणि त्या नावापुढे लिहिलेली आमची जुनी जात मी पहिल्यांदा कुणाच्या तरी अक्षरात पाहिली. मग वंशावळ, प्रतिज्ञापत्र, पडताळणी समिती. आजोबा, वडील, मी. एकेक दुवा कागदाने सिद्ध करायचा. एक सुटला की सगळं गेलं. आमच्या घरात हे काम मीच पुढे धाकट्या बहिणीसाठी केलं, मग चुलतभावांसाठी. नातेवाईक म्हणायचे, पोराला कागद जुळवता येतात.

तर कागद जुळवता येणारा हा पोरगा.

जर्मनीच्या नैऋत्येला, फाल्त्सच्या टेकड्यांत, अमेरिकन सैन्याचा एक तळ आहे. तिथे घरं आणि कचेऱ्या गरम ठेवायला जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप गेलेले आहेत, फार जुने. दर हिवाळ्यात कुठेतरी फुटायचे. आदल्या थंडीत आम्ही तिथे आमचे कान लावून पाहिले. सपशेल पडलो. जहाजात धातूला धातू लागलेला असतो, आवाज पळतो. मातीत आवाज मरतो. वर रस्ता, ट्रक, विमानं. आमच्या यंत्राला गळतीसुद्धा ट्रकच वाटायची.

आमच्यानंतर तिथे बॉनजवळची एक छोटी जर्मन कंपनी आली. त्यांनी पाइपाच्या कडेने काचेच्या तंतूची केबल पुरली. ती केबल सगळ्या लांबीवरचं तापमान सांगते. गरम पाणी गळलं की तिथली माती तापते आणि जागा कळते. चाचणीच्या तुकड्यात त्यांनी दोन खऱ्या गळत्या आधीच पकडून दाखवल्या. तळावरचा देखभालीचा जर्मन इंजिनिअर त्यांच्यावर खूश होता. आता सगळ्या तळाचं काम निघणार होतं.

ती केबल बसवणारा त्या कंपनीतला मुख्य इंजिनिअर म्हणजे दादा.

सख्खा नव्हे. नागपूरचा, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. मी जर्मनीत आलो तेव्हा माझा पहिला भाड्याचा करार त्याने वाचून दिला होता, परदेशी नागरिकांच्या कचेरीत माझ्याबरोबर रांगेत उभा राहिला होता. ऱ्हाइनच्या काठाकाठाने राहणाऱ्या आम्हा बौद्ध कुटुंबांची चौदा एप्रिलची जयंती तो बसवायचा. हॉल त्याचा, माइक त्याचा, शिव्याही त्याच्याच.

साहेबाने मला एका गुरुवारी खोलीत बोलावलं. चांगला माणूस होता, आजही तसंच म्हणेन. म्हणाला, "तळाचं काम आपण तिसऱ्या टप्प्यात घेऊ शकतो."

मी म्हटलं, "आपलं यंत्र तिथे चालत नाही."

"आवाजाचं नाही चालत. तापमानाचं चालतं. केबल बाजारात मिळते, यंत्रही मिळतं. तिच्यातून जो गोंधळ येतो त्यातून खरी खूण काढायची, ते गणित आपलं आहे. दुसऱ्या टप्प्यात केलेलं."

"ते गणित आवाजासाठी आहे."

"गोंगाटातून खूण काढायची, बरोबर? मग पुढे नेणं झालं की नाही? उपजणं, पुढे नेणं, पुरं करणं. तिन्ही लागत नाहीत. एक पुरे." त्याने खुर्ची जवळ ओढली. "असं आपणच करतोय असं समजू नकोस, सगळेच करतात. कायद्यातच आहे. आणि हे नाही मिळालं तर उन्हाळ्यात मी ही शाखा बंद करतो. तुझ्या इथे राहण्याच्या परवान्यावर आपल्या कंपनीचं नाव आहे ना?"

होतं. माझी बायको तेव्हा दुसऱ्या खेपेची गरोदर होती.

"तांत्रिक टिपण तू लिही," तो म्हणाला. "तुला असलं छान जमतं."

त्याच रविवारी जयंतीच्या तयारीची बैठक होती, बॉनला, दादाच्या घरी. मी जायला नको होतं. गेलो. न जावं तर त्याने फोन करून विचारलं असतं.

दादा स्वयंपाकघरात मटणाला कांदा चिरत होता. बाकीची मंडळी अजून यायची होती. वहिनी म्हणाल्या, "या भाऊजी, बसा. आज तुमच्या दादांना हात लावू नका, फार मोठे साहेब झालेत. अमेरिकन मिलिटरी त्यांच्या मागे लागलीय."

"मिलिटरी नाही, पाइप लागलाय मागे," दादा म्हणाला. "काय बे, तोंड काऊन उतरलं तुझं? बस. तुमचा तो कान मेला ना तिथे? मला त्या इंजिनिअरने सांगितलं. वाईट वाटून घेऊ नको, मातीत कुणाचाच कान नाही चालत."

मी हसलो. त्याला वाटत होतं आम्ही त्या कामातून बाहेर पडलोय. म्हणून तो मोकळा बोलत होता, आणि मोकळा बोलणं हाच त्याचा स्वभाव होता. वसंतात निविदा निघेल. मालक सत्तरीचा, बँक आता एकाच कामासाठी थांबलीय, तेच हे काम. हे मिळालं तर कंपनी जगते. "आणि मी पण," तो म्हणाला. पुण्याच्या कंपनीमार्फत ये-जा करण्यात त्याची कितीतरी वर्षं गेली होती, त्यामुळे कायमच्या वास्तव्याचा अर्ज त्याने उशिराच घातला होता. तो निकालात निघेपर्यंत नोकरी टिकायला हवी होती. मुलगी गिम्नाझियमच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीकडे नेणाऱ्या शाळेच्या, वरच्या वर्गात. तिला तिथून उपटून नागपूरला न्यायची म्हणजे काय! वहिनींनी गॅस बारीक केला.

"मिळेलच," मी म्हणालो. आपल्या तोंडून आलेला तो शब्द मला अजून ऐकू येतो.

मग त्याने मला केबल कशी पुरायची ते सांगितलं. मी विचारलं म्हणून. खरं सांगायचं ठरलंच आहे तर तेही सांगतो: मी विचारलं. सहज विचारल्यासारखं. "दादा, केबल पाइपाच्या वरून नेता का?"

"वरून नेशील तर फसशील," तो कांद्याची सुरी पाइपासारख्या आडव्या धरलेल्या काकडीच्या कडेला लावून म्हणाला. "पाणी खाली जातं. उष्णता वर येते खरी, पण वेळ लावते, अन् तोवर डांबर उखडतं. इथे. बाजूने, थोडी खाली. अन् पाइपाला चिकटवायची नाही, नाहीतर ती पाइपाचाच ताप मोजत बसते."

मंडळी आली. हॉलचं भाडं, मुलांची भाषणं, खीर कोण करणार. कुणीतरी बोगस दाखल्यांचा विषय काढला. तिकडे महाराष्ट्रात कुणी मोठा अधिकारी खोट्या जातीच्या दाखल्यावर नोकरी करून निवृत्तही झाल्याची बातमी होती. दादा विद्यार्थी असताना या प्रश्नावर मोर्चे काढून लाठ्या खाल्लेला माणूस. तो म्हणाला, "ज्याने घेतला त्याचं सोडा. तो लोभी होता. मला तो पाहायचाय, ज्याने लिहून दिला."

मी ताटातलं मटण संपवलं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

टिपण लिहायला मला आठवडा लागला. इथे मी सगळ्यात जास्त अडखळतो. नोकरीची भीती होती, परवाना होता, बायको होती. हे सगळं खरं आहे आणि लोक ते समजूनही घेतात. पण त्या आठवड्यात मला मजा आली. हे मी कुणाला बोललो नव्हतो. कंपनीचा दुसऱ्या टप्प्याचा शेवटचा अहवाल मी खिडकीपाशी बसून वाचत गेलो, आणि अगदी शेवटी, पुढे काय करता येईल या भागात, एक वाक्य सापडलं: हीच पद्धत भविष्यात तापमानासारख्या इतर संकेतांनाही लावून पाहता येईल. कुणीतरी पान भरायला लिहिलं असणार. मी त्यावरून बोट फिरवलं. आजोबांचं नाव सापडलं होतं.

मग मी वंश रचला. जहाजातला आवाज, त्यातून गणित, त्या वाक्यातून तापमान, तापमानातून जमीन, जमिनीतून तळ. प्रत्येक दुव्याखाली अहवालाचा आधार. जिथे दुवा कच्चा होता तिथे मी वाक्य छोटं केलं, जिथे पक्का होता तिथे विस्ताराने लिहिलं. केबल बाजूने, थोडी खाली, पाइपाला न चिकटवता, हेही आलं. "क्षेत्रीय अनुभवावरून" असं लिहिलं. अनुभव कुणाचा ते लिहिलं नाही. त्या यंत्रणेचा खरा बाप बॉनमध्ये कांदा चिरत होता, आणि मी तिला एका जहाजाच्या घरात दत्तक देत होतो, जन्माचा दाखला बदलून.

साहेबाने वाचलं. खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "मलासुद्धा पटलं."

बैठक तळावरच होती. गाडीत साहेब स्की-सुट्टीबद्दल बोलत होता आणि मी काचेबाहेर पाहत होतो. फाटकावर पासपोर्ट, पास, एक सैनिक सोबतीला. खोलीत चौघं: कंत्राटं देणारी अधिकारी बाई, तो देखभालीचा जर्मन इंजिनिअर, साहेब, मी. बाई पन्नाशीच्या, बोलायला साध्या. माझ्या टिपणाची प्रत त्यांच्यापुढे होती, आणि समासात पेन्सिलीने बरंच काही लिहिलेलं होतं. सही त्यांची लागणार होती. हे काम जुन्या कामातून आलंय, हा निर्णय कायद्याने त्यांनी घ्यायचा होता.

त्या म्हणाल्या, "मी इंजिनिअर नाही. कागद चांगला आहे. पण मला तोंडाने ऐकायचंय." साहेबाकडे न बघता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही लिहिलंत ना?"

"हो."

"मग एवढंच सांगा. ते जहाजाचं काम कधी झालंच नसतं, तर तुम्ही हे करू शकला असता का?"

असा प्रश्न पडताळणी समितीनेही कधी विचारला नव्हता. जर्मन इंजिनिअर टेबलाच्या पृष्ठभागाकडे पाहत होता. त्याने दादाच्या केबलवर स्वतः उभं राहून गळती पाहिली होती. त्याला उत्तर माहीत होतं, मला माहीत होतं, आणि साहेबालाही. हो, आरामात करू शकलो असतो. कुणीही करू शकतं. ज्याने करून दाखवलं त्याने ते जहाज पाहिलेलंही नाही.



मी म्हणालो, "इतक्या लवकर नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं. पेन्सिल तशीच धरून त्यांनी विचारलं, "आणि दुसरं कुणी आहे का, जे हे काम करू शकेल?"

"तिसऱ्या टप्प्यात तो प्रश्न येत नाही," साहेब मऊ आवाजात म्हणाला. तेही खरं होतं.

"येत नाही, ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मी विचारतेय." आणि पुन्हा माझ्याकडेच पाहिलं.

मी जर्मन इंजिनिअरकडे पाहिलं. तो बोलेल असं मला वाटत होतं. बोलावं असंही वाटत होतं, शपथेवर सांगतो. तोही माझ्याकडे त्याच आशेने पाहत असावा. दोघांपैकी कुणीच बोललं नाही. मग साहेबाने पुढच्या हिवाळ्याआधी काम पुरं करायचं असेल तर खणायला कधी लागायचं तो विषय काढला, जर्मन इंजिनिअरने नकाशा उलगडला, आणि तो प्रश्न नकाशाखाली गेला.

बाहेर आल्यावर साहेबाने माझी पाठ थोपटली.  

कंत्राट आलं. दादाचा फोन आला तो मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून घेतला.

"अरे, निविदा निघतच नाही म्हणे. तुमच्या कंपनीला थेट दिलं. खरं का?"

"हो दादा."

"तुमचा तर कान मेला होता ना?"

"तापमानाचं करणार आहेत."

 मग तो म्हणाला, "कुणी जमवलं हे?"

"वरून ठरलं," मी म्हणालो. "अमेरिकेतून."

सगळ्या प्रकरणात धडधडीत खोटं असं मी बोललो ते एवढंच.

"वरून," तो म्हणाला. "बरं. तुझी नोकरी तर राहिली? तुझ्या बायकोचे दिवस भरत आलेत ना? चला, एकाची तरी राहिली." आणि हसला. खरोखर हसला. मी जिन्यातच बसून राहिलो. वरून एक बाई गाल धरून उतरत होती, तिला जागा द्यायचंही मला सुचलं नाही. तिला वाटलं मीही दाढेचाच पेशंट. "गूटं बेसेरुंग," ती जाता जाता म्हणाली. लवकर बरे व्हा.

त्या वर्षी जयंतीला मी गेलो नाही. बायकोचं बाळंतपण जवळ आलेलं, ते कारण दिलं. शरद ऋतूत दादाच्या कंपनीने दिवाळं जाहीर केलं. त्याचा वास्तव्याचा अर्ज अडकला. त्याला मुदत मिळाली, त्यात नोकरी शोधायची. त्याच्या वयाला जे मिळालं ते वोल्फ्सबुर्गला, मोटारीच्या कारखान्यात, एका एजन्सीमार्फत, करार पुन्हापुन्हा वाढवून घ्यावा लागणारं. हाताखाली कुणी नाही. दुसऱ्यांनी केलेल्या चाचण्यांचे निकाल तक्त्यात भरायचे. वहिनी आणि मुलगी बॉनलाच राहणार होत्या, तिची शाळा संपेपर्यंत.

माझ्याकडे स्टेशन वॅगन होती. सामान न्यायला मी येतो, असं मीच म्हणालो. बायको म्हणाली, "अहो, आता तरी सांगून टाका." तिला सगळं माहीत होतं. ती तेवढंच म्हणाली आणि बाळाचा लंगोट बदलायला गेली.

गादी, कुकर, तांदळाची गोणी, बुद्धाची छोटी मूर्ती टॉवेलात गुंडाळलेली. दादाची मुलगी इमारतीच्या दारापर्यंत आली, बापाला जर्मनमध्ये म्हणाली, शुक्रवारी कितीच्या गाडीने येशील. तो मराठीत म्हणाला, येईन ना बेटा. दोघांना एकमेकांचं नीट कळलं.

हानोफरच्या अलीकडे पाऊस लागला. दादा आपणहून बोलायला लागला. "मी तो नियम वाचून काढला बरं का. तिसऱ्या टप्प्याचा. रिकामा बसलो होतो, काय करणार. नियम चांगला आहे रे. छोट्यासाठी केलेला आहे. वाचता वाचता मला आपलीच आठवण आली." वायपर इकडून तिकडे गेला. "नियमावर माझा राग नाही. पण कुणीतरी बसून तो दाखला लिहिला असेल ना? आवाजापासून तापमान झालं म्हणून. त्याला मला एकदा पाहायचंय. नुसतं पाहायचंय."

समोर विश्रांतीच्या थांब्याची निळी पाटी आली. मी गाडी आत घेतली. दोन ट्रकांच्या मध्ये उभी केली. इंजिन बंद केलं. 

"मी लिहिला," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या ट्रकच्या मागच्या दाराकडे पाहत होता.

"वरून ठरलं म्हणाला होतास."

"खोटं बोललो."

"सही?"

"टिपणावर साहेबाची. लिहिलं सगळं मी. केबल कशी पुरायची तेही. तुमच्या घरी विचारून."

"काकडीवर," तो म्हणाला.

"हो."

त्याने दार उघडलं आणि पावसात उतरला. टोपी नाही, छत्री नाही. थांब्याच्या त्या सिमेंटच्या बाकापर्यंत गेला, बसला नाही, बाकाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मला वाटलं आता तो परत येणार नाही, इथून कुणाच्या तरी गाडीने जाईल, गादी माझ्याकडेच राहील. किती मूर्ख विचार येतात. तो आला. ओल्या कोटाने बसला, पट्टा लावला.

"चल," म्हणाला. "चावी सहापर्यंतच देतात."

ब्राउनश्वाइग आलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच्या शिव्या मला पाठ होत्या. मी क्षमा मागायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्याने काच खाली करून वर केली.

मग, कालव्याच्या पुलाच्या आसपास, तो अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाला, "चालतंय का?"

"काय?"

"केबल. चालतंय का नीट?"

इंजिनिअरला दुसरं काय विचारता येतं. मी खरं सांगितलं. चालत नव्हतं. थंडी सुरू झाल्यापासून यंत्र रोज कुठे ना कुठे गळती दाखवत होतं. खणून पाहावं तर कोरडी माती. तळावरचे लोक वैतागले होते. आम्ही आमचं ते गणित दहा प्रकारे फिरवून पाहिलं होतं. विशेषतः पहाटे, जिथे पाइप रस्त्याखालून जातो तिथे, हमखास खोटा इशारा.

"रस्त्याखाली?" तो म्हणाला.

"हो."

"अन् पहाटेच?"

"पहाटेच."

"अरे मग सोपं आहे," तो माझ्याकडे वळून म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच वळला. हात वर आला, बोटांनी हवेत रस्त्याची कड काढली, आणि क्षणभर तो माझा दादा होता, करार वाचून देणारा, रांगेत उभा राहणारा. "आम्हाला पण पहिल्यांदा हेच झालं. तिथे काय होतं माहिती का, तुम्ही जेव्हा..."

आणि थांबला.

हात तसाच हवेत होता. त्याने तो पाहिला, आपलाच नसल्यासारखा, आणि मांडीवर ठेवला. पुढे वळून बसला.

मी विचारलं नाही. विचारायला तोंड राहिलं नव्हतं.

वोल्फ्सबुर्गला घरमालकाने चावी दिली. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कुकर आणि गोणी मी वर नेली. मूर्तीला हात लावायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "ती मी घेतो." गादीचं दुसरं टोक धरायला मी वाकलो तेव्हा तो म्हणाला, "राहू दे," आणि ती एकट्याने डोक्यावर घेऊन, भिंतीला घासत, प्रत्येक वळणावर थांबत वर गेला. मी खाली उभा राहून त्याचा श्वास ऐकत होतो. वरचं दार लागलं, मग मी निघालो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलीची शाळा संपल्यावर ते लोक नागपूरला परतले, असं दुसऱ्यांकडून कळलं. जयंतीचा हॉल आता दुसरंच कुणी ठरवतं, आणि मी खुर्च्या मांडून भाषणं सुरू व्हायच्या आत निघून येतो. तळाचं कंत्राट दोनदा वाढवून मिळालं. तिसऱ्या टप्प्यातलंच, त्याच टिपणाच्या आधारावर. रस्त्याखालचा तो खोटा इशारा मात्र गेला नाही. त्या तुकड्यापुरतं यंत्र पहाटे बंद ठेवायचं, असा आम्ही शेवटी तोडगा काढला आणि अहवालात त्याला सुधारणा म्हटलं. खरं कारण काय असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. डांबर रात्री उष्णता सोडतं त्याचं काही असेल, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचं पाणी असेल, केबलची खोली तिथे बदलत असेल. प्रत्येक वेळी मी त्या वाक्याच्या मध्यापर्यंत जातो, "तुम्ही जेव्हा" पर्यंत. त्याच्या पुढचं मला येत नाही.